बॉनेटवरचा निळा

लग्न रविवारी होतं, आणि गुरुवारी दुपारी नवरदेव भावी सासऱ्यांच्या अंगणात गुडघे टेकून मोटारीचं दार घासत होता. त्याला कोणी बळजबरी केली नव्हती. हौसेनं मागून घेतलेलं काम होतं.

कीरुबेल दातांचा डॉक्टर. हिरुतच्या घरी तो दोन वर्षं येत-जात होता. तिच्या आईशी, येशीबाईंशी, त्याचं पहिल्याच कॉफीला जमलं होतं. हिरुत खोलीत नसली तरी दोघं तासभर गप्पा हाणत बसायची. अडचण वडिलांची होती. झेर्गाव सर शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. अदिस शहरातल्या गुलेलेच्या त्या उतारावर निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणत. कीरुबेल आला की सर विचारायचे, “काय, बरे आहेत ना लोकांचे दात?” तो म्हणायचा, “बरे आहेत सर.” मग सर मान हलवायचे आणि अंगणात गाडीकडे निघून जायचे. संभाषण संपलं.

गाडी म्हणजे हस्तिदंती रंगाची जुनी बीटल. हिरुतपेक्षा वयानं मोठी. दर शनिवारी सर तिला धुवायचे, मऊ फडक्यानं टिपून कोरडी करायचे आणि जुन्या बनियनच्या तुकड्यावर मेण घेऊन एकेक पत्रा चमकवायचे. मेण असं पातळ लावायचं की लावलंय हे फक्त लावणाऱ्याला कळावं. ते वाळून धुकट झालं की दुसऱ्या फडक्यानं पुसायचं, आणि शेवटी पत्र्यावर श्वास सोडून बघायचं, वाफ सगळीकडून सारखी उडते की नाही. गल्लीतले लोक म्हणायचे, सरांना दोन बायका आहेत आणि लाड धाकटीचे चालतात. येशीबाई म्हणायच्या, “चालू देत बाई, तेवढीच थोरलीला विश्रांती!”

लग्नासाठी कीरुबेलच्या काकांनी लांबलचक पांढरी मोटार ठरवली होती. आत दिवे लागणारी, गाणी वाजणारी. हिरुतनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “मी अबाबांच्या गाडीतून जाणार.” वडिलांना ती अबाबा म्हणायची. काकांचं तोंड पडलं. त्या दिवशी मंगळवार असूनही सरांनी गाडी धुवायला काढली.

डावी बाजू त्यांनी दोन दिवसांत उजळली. मग खांदा धरला. हात वर जाईना. तेव्हा कीरुबेल पुढे झाला. “सर, उजवी बाजू आणि बॉनेट मी करतो. दिवसभर पॉलिशच तर करत असतो मी.”

सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे पाहावं तसं. मग हातातलं फडकं त्याला दिलं.

“हातानं करायचं,” ते म्हणाले. “जुना रंग आहे. अंगात जोर आहे म्हणून लावायचा नाही.”

“हो सर.”

“लांब हात फिरवायचा. गोल गोल नाही.”

“हो सर.”

आणि सर लग्नाच्या तेजचे बुधले आणायला बहिणीकडे निघून गेले. त्यांच्या बहिणीसारखी मधाची दारू साऱ्या अदिसमध्ये कोणाला जमत नसे, असं निदान त्यांचं म्हणणं होतं.

उजवं दार आणि मडगार्डं झाली तोवर कीरुबेलचे दंड भरून आले. ऊन निलगिरीच्या शेंड्यांवर सरकलं होतं. बॉनेट अजून पूर्ण बाकी होतं. या गाडीचं इंजिन मागे असतं, पुढच्या झाकणाखाली नुसती सामानाची जागा, पण लोकांची नजर पडते ती आधी त्या फुगीर झाकणावरच. वरात निघेल तेव्हा पहिल्यांदा दिसणार ते तेच. आणि कीरुबेलच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेलं, मित्राच्या गॅरेजमधलं पॉलिशचं मशीन होतं.

आणताना त्याच्या मनात पाप नव्हतं. लागलंच तर असू द्यावं, एवढंच. मित्र सुराफेलनं देताना बजावलं होतं, “सपाट भागावर चालव. कडेवर थांबलास तर रंग खाईल हं.” कीरुबेल हसला होता. “अरे, मी माणसांच्या तोंडात मशीन चालवतो.”

त्यानं वायर लावली. मशीन गुणगुणायला लागलं. आणि काय सांगावं, मळकट दुधासारखा तो पत्रा बघता बघता असा उजळला की निलगिरीची फांदी न् फांदी त्यात दिसायला लागली. कीरुबेल खूश. सर आल्यावर बॉनेटवर श्वास सोडून बघतील, मान हलवतील, कदाचित दोन शब्द जास्त बोलतील, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

तेवढ्यात घरातून हिरुतनं हाक मारली, “कीरू, कॉफी!”

त्यानं मान वळवली. “आलो!” म्हणाला. हात मात्र तिथेच राहिला, बॉनेटच्या मधोमध जी उभी कड जाते तिच्यावर. इतकंच झालं. पुन्हा पुढे पाहिलं तेव्हा हस्तिदंती रंगाच्या मधोमध बशीएवढा निळा डाग उघडा पडला होता.

त्यानं मशीन बंद केलं. आधी वाटलं, आभाळाचं प्रतिबिंब असेल. डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. डाग हलला नाही. फडक्यानं पुसला, तर आणखी निळा झाला.

हिरुत बाहेर आली तेव्हा तो बॉनेटपुढे दोन्ही हात पसरून उभा होता, कुंपणातून गाय येऊ नये म्हणून उभं राहतात तसा.

“काय झालं?”

“काही नाही.”

“बाजूला हो.”

“हिरुत, आधी शपथ घे, तू लग्न मोडणार नाहीस.”

तिनं त्याला बाजूला सारलं. डाग पाहिला. हात तोंडावर गेला आणि खांदे हलायला लागले. कीरुबेलला वाटलं रडते आहे. तिला हसू आवरत नव्हतं.

“हसतेस काय! तुझे वडील मला जिवंत ठेवतील का?”

“ठेवतील,” ती कशीबशी म्हणाली. “पण बोलणार नाहीत तुझ्याशी.”

“आत्ता तरी कुठे बोलतात!”

यावर मात्र ती गाडीच्या दाराला टेकून खालीच बसली.

आवाज ऐकून येशीबाई आल्या. एका हातात जेबेना, कॉफीचा मातीचा चंबू, खांद्यावर पांढरी नेतेला शाल. कीरुबेलनं मान खाली घातली. “एतीये,” त्यानं वडीलधाऱ्या बाईला मारायची आदराची हाक मारली, “माझ्या हातून फार मोठी चूक झाली,”, पण बाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी जेबेना जमिनीवर ठेवला, वाकल्या, आणि दोन बोटांनी तो निळा भाग चाचपला.

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “माझा निळा!”

“कोणाचा?” हिरुतनं विचारलं.

“माझा! ही गाडी निळी होती. टप तेवढं पांढरं. आणि मी हिला टॅक्सी समजले होते.” त्या तिथेच, गाडीच्या पायरीवर बसल्या. “मी नोकरीला नवीन लागलेली. उशीर झालेला. समोरून निळी-पांढरी गाडी आली, मी हात केला, गाडी थांबली, मी मागे बसले आणि म्हटलं, पियासा. आपल्या टॅक्स्या तशाच रंगाच्या ना तेव्हाही. गाडीवाला एक अक्षर बोलला नाही. पियासाला सोडलं. मी भाडं दिलं, त्यानं घेतलं.”

“अबाबांनी भाडं घेतलं?”

“घेतलं! दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच गाडी तिथेच उभी. मी म्हटलं, नशीब माझं, टॅक्सी दारात मिळते. असा पंधरवडा गेला. मग एकदा रस्त्यात शाळेची पोरं भेटली आणि ओरडली, ‘सर, नमस्कार!’ मी म्हटलं, अहो, टॅक्सीवाल्याला पोरं सर का म्हणतात?” बाईंना हसू फुटलं. “तर हा इतका घाबरला, गाडी फुटपाथला नेऊन लावली.”

हिरुत आईकडे पाहतच राहिली. तिला हे सगळं नवीन होतं.

“मग रंग का बदलला?” कीरुबेलनं विचारलं. क्षणभर तो स्वतःचं संकट विसरला होता.

“लग्नानंतर मी शेजारी बसलेली असायची तरी लोक हात करायचे. एक म्हातारी तर कोंबड्या घेऊन आत चढली. म्हणून यानं रंगवून टाकली. मला न विचारता! मी महिनाभर बोलले नाही त्याच्याशी. हा रंग मला कधीच आवडला नाही. दवाखान्याच्या भिंतीसारखा.” मग त्यांना कीरुबेलचा व्यवसाय आठवला. “तुझ्या दवाखान्याबद्दल नाही म्हणत रे.”

आता प्रश्न होता सरांचा. येशीबाईंनी क्षणात ठरवलं. खांद्यावरची नेतेला काढून बॉनेटवर पसरली. “लग्नाच्या गाडीला नजर लागते. रविवारपर्यंत झाकून ठेवायची. रविवारी वर फुलं ठेवू. वरात झाली, जेवणं झाली, की मग सांगू. पोटभर जेवलेला माणूस रागावत नाही.”

“आणि त्यांनी उचलून बघितलं तर?”

“मी आहे ना इथे.”

सर संध्याकाळी बुधले घेऊन आले. गाडीकडे गेले. उजव्या दारावर श्वास सोडला, वाफ उडताना पाहिली. मडगार्डावरून हात फिरवला. नेतेलाकडे पाहिलं.

“हे काय?”

“नजर लागू नये म्हणून,” येशीबाई दारातून म्हणाल्या.

पदार्थविज्ञानाचा माणूस. आजवर नजरबिजर कधी मानली नव्हती. पण सर म्हणाले, “बरं.” मग कीरुबेलकडे वळून, “उजवी बाजू चांगली झालीय.” आणि आत गेले.

दोन वर्षांत मिळालेली पहिली शाबासकी. कीरुबेलला ती ताटातल्या पिठल्यासारख्या शिरोबरोबर घशाखाली उतरेना.

शुक्रवारी हिरुत दिवसभर फोनवरून बातम्या देत होती. सकाळी सर म्हणाले, बॉनेटला मेणाचा शेवटचा हात मारतो. येशीबाईंनी त्यांना तंबूवाल्याकडे पिटाळलं. परत आले, फडकं हातात घेतलं, तर बाईंनी त्यांच्या कोटाचं बटण तुटलंय असं काढलं. बटण तुटलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते आधी तोडलं. दुपारी समोरच्या असेलेफेचबाई आल्या, अंगणात उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, “काय गं येशी, त्या निळ्याचं काय केलंस?” येशीबाई म्हणाल्या, “निळ्या ड्रेसचं म्हणतेस ना? दिला शिंप्याकडे!” आणि त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेल्या. सर पेपर वाचत होते. पान उलटलं, एवढंच.

“त्यांना संशय आला का?” कीरुबेलनं विचारलं.

“अबाबांचं काही सांगता येत नाही,” हिरुत म्हणाली. “मघाशी शीळ घालत होते.”

“ते शीळ घालतात?”

“मी पहिल्यांदाच ऐकली.”

शनिवारी मायलेकी सकाळपासून वेण्या घालायला आणि हातावर मेंदी काढायला गेल्या, त्यामुळे बातम्या बंद झाल्या. कीरुबेलच्या घरी पाहुण्यांची रीघ लागली होती. काकांनी त्याला चार वेळा सांगून पाहिलं की पांढरी मोटार अजूनही मिळू शकते.

रविवारी तो आपल्या मित्रांना घेऊन नवरीच्या दारी पोचला, तेव्हा दार अडवून हिरुतच्या मैत्रिणी, मावश्या, आत्या, अख्खी गल्ली उभी. टाळ्या, ढोल आणि ठेका धरून एकच गाणं: येऊ देणार नाही, आत सोडणार नाही. सुराफेल पुढे होऊन विनवण्या करत होता. असेलेफेचबाई म्हणाल्या, “दातांचा डॉक्टर ना? आधी सगळ्यांचे दात तपास, मग आत ये!” आणि त्यांनी खरोखर आ केला. हशा उसळला. कीरुबेल वाकून म्हणाला, “एतीये, तुमचे दात बघून मला धंदा बंद करावा लागेल.” बाई खूश झाल्या. सुराफेलनं तेवढ्यात खांदा घातला आणि सगळे लोंढ्यासारखे अंगणात घुसले.

हिरुत पांढऱ्या झग्यात उभी होती. तिला पाहून तो काही काळ गाडीबिडी सगळं विसरला, आणि तेच योग्य होतं. आठवण झाली ती बाहेर निघताना. बीटल उन्हात अशी तळपत होती की डोळे बारीक करावे लागत होते. दारांच्या मुठींना फिती बांधलेल्या. आणि बॉनेटवर फुलांचा ढीग! लाल गुलाब, पांढरे गुलाब, मधे हिरवी पानं. साऱ्या फुलांना बारीक दोरीनं जागच्या जागी आवळलेलं. डागाचा मागमूस नाही. येशीबाईंची कमाल आहे, असं त्याच्या मनात आलं.

सर स्वतः चालवायला बसले. कोटाची सगळी बटणं जागेवर. मागे नवरा-नवरी, पुढे येशीबाई. मागोमाग वीस-पंचवीस गाड्या भोंगे वाजवत, आणि सगळ्यांच्या पुढे उघड्या टेम्पोत उलटा बसलेला फोटोवाला. बीटल चढावर धापा टाकायची तेव्हा मागची वरात भोंग्यांनी तिला ढकलायची. रस्त्यावरची माणसं थांबून टाळ्या वाजवत होती. लांबलचक मोटारी रोजच्या होत्या, अशी गाडी कोणी पाहिली नव्हती. काकासुद्धा मागच्या गाडीच्या खिडकीतून अर्धे बाहेर येऊन हात हलवत होते.

टेकडीवरच्या बागेत फोटोसाठी सगळे उतरले. फोटोवाल्यानं नवरा-नवरीला गाडीपुढे उभं केलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, “ही फुलं काढा हो! काय चमक आहे बॉनेटला! नवरीचा चेहरा दिसेल त्यात.”

“नको!” कीरुबेल ओरडला.

“नको!” येशीबाई ओरडल्या.

“राहू देत,” सर म्हणाले.

तिघं एकदमच बोलले होते. सगळे तिघांकडे बघायला लागले.

“फुलं मी बांधलीत,” सर सावकाश म्हणाले. “पहाटे उठून. सुटायची नाहीत.”

येशीबाई वळल्या. “तू बांधलीस? मी तर एक लहान गुच्छ ठेवला होता.”

“लहान होता. वाऱ्यानं सरकला असता.”

कीरुबेलच्या कानात भोंगे वाजायला लागले. “सर,” तो म्हणाला, “तुम्ही पाहिलं होतं?”

“गुरुवारीच.”

“पण नेतेला तर...”

“मुला, गाडीवर कापड टाकलं म्हणून विजेचं मीटर किती फिरलं ते लपत नाही. आणि मशीनची वायर तू खिडकीतच विसरला होतास.” सरांच्या ओठांचा कोपरा हलला. “शुक्रवारी बायकोनं माझं बटण तोडलं. चाळीस वर्षं शाळेत काढली मी, पोरं गृहपाठ लपवतात तेव्हा चेहरा कसा होतो ते मला माहीत नाही? या घरात तीन चेहरे तसे होते.”

“मग बोलला का नाहीत?” हिरुतनं विचारलं.

“नवरदेव लग्नाआधी पळून गेला असता तर? तुझ्या आईला मग मी कुठलं तोंड दाखवलं असतं?” मग जरा थांबून, कीरुबेलकडे पाहत ते म्हणाले, “आणि मजा येत होती. फार दिवसांनी घरात काहीतरी चाललं होतं.”

येशीबाईंनी कमरेवर हात ठेवले. “मी दोन दिवस जिवाचं रान करते आणि तू मजा बघतोस? सोड ती दोरी. सोड म्हणते!”

सरांनी गाठी सोडल्या. फुलं उचलून सुराफेलच्या हातात दिली. आणि कीरुबेल बघतच राहिला. डाग होता. पण तो डाग राहिला नव्हता. त्याच्या फाटक्या, करपलेल्या कडा गेल्या होत्या. हस्तिदंती रंग हळूहळू पातळ होत निळ्यात उतरला होता, आणि निळ्यावर मेणाची अशी झिलई होती की आभाळ बॉनेटमध्ये उतरल्यासारखं वाटत होतं. आकारही आता मोठा होता, गुळगुळीत लांबगोल. शनिवारी घर रिकामं असताना सरांनी दुखऱ्या खांद्यानं पाण्यात भिजवलेल्या बारीक घासकागदानं तो उजळत नेला होता.

येशीबाईंनी निळ्यावर तळहात ठेवला.

“पियासा,” त्या म्हणाल्या.

“भाडं आधी,” सर म्हणाले.

बाई इतक्या हसल्या की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. फोटोवाल्याला काही कळलं नाही, पण तो धंद्यातला हुशार माणूस होता. त्यानं धडाधड फोटो काढले. पुढे घरात भिंतीवर लागला तो त्यातलाच: नवरा-नवरी कडेला, जरा अस्पष्ट, आणि मधोमध पोट धरून हसणारी नवरीची आई.

जेवणाच्या मंडपात तेजचे बुधले उघडले. नाच सुरू झाला. इथला नाच खांद्यांचाच; खांदे उडायला लागले, सुराफेलनं तर फुलांच्या ढिगासकट नाचून घेतलं. सरांच्या बहिणीनं सरांना ओढत मधे आणलं. दुखरा खांदा हलेना, म्हणून त्यांनी एकाच खांद्यानं नाच केला. सगळी गल्ली त्यांच्याभोवती घोळका करून टाळ्या देत राहिली, आणि पोरं ओरडली, “सर, अजून एकदा!”

कीरुबेल इंजेराच्या, म्हणजे आंबट घावनाच्या, ताटापुढे हिरुतशेजारी बसला होता तेव्हा सर घाम पुसत आले. त्यांनी ताटातून इंजेराचा मोठा तुकडा तोडला, त्यात कोंबडीचा रस्सा, अर्धं अंडं, हाताला लागेल ते सगळं गुंडाळलं. घास मुठीएवढा झाला.

“सर, त्या मशीनबद्दल मला...” कीरुबेल बोलायला लागला.

“आ कर,” सर म्हणाले, आणि तो अख्खा घास त्याच्या तोंडात कोंबला. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, बाजूला हिरुत हसून लोळत होती. सर शेजारची खुर्ची ओढून बसले आणि बोलायला लागले. जुन्या रंगाचा थर किती असतो, मागच्या मडगार्डाखाली गंज कुठे धरतो, पुढच्या महिन्यात टप पांढरं ठेवून बाकी अख्खी गाडी निळी कशी करायची, कागद कुठला, पाणी किती. कीरुबेल चावत राहिला आणि ऐकत राहिला. एक घास संपायच्या आत त्यांनी दुसरा तयार केला होता.